लेकीच्या दारी उपाशी: वांकिडीहून मंचेरियलच्या डोळ्यांच्या कॅम्पाला

एके दिवशी सकाळीच आमच्या आत्याबाई पाण्याच्या रांजणाला रागे भरू लागल्या. "मूग गिळून बसली काय? इतक्या वेळची बोलून राह्यली मी, तोंडातून शब्द नाही." मी मागे चुलीजवळ बसलेली होते. त्यांना वाटलं रांजण म्हणजे मीच. आता तेव्हा मी अंगाने भरलेली होते हे खरं, पण रांजण! आमचे हे दारात उभे राहून हसू दाबत होते. मग त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, आईला या वर्षी कॅम्पाला न्यावंच लागते.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला असंच म्हणतात. आणि ही गोष्ट नव्वदच्या आसपासची आहे, नक्की साल मला विचारू नका. चौथी शिकलेली बाई मी, साल लक्षात ठेवायला शाळेत शिकवलं नाही. माझ्या आठवणीत सालं नसतात, जेवणं असतात. नातवंडं म्हणतात आजी तू सांगते तसंच लिही, लोक वाचतात. तर लिहून राह्यली.

आमचं गाव वांकिडीजवळ. कापूस, ज्वारी, थोडी तूर. अर्धा बाजार महाराष्ट्रात, कचेरी आंध्रात, म्हणजे तेव्हा आंध्रच होतं. बोलायचं मराठी, बसची पाटी वाचायची तेलुगू, आणि दुकानदाराशी भांडायचं हिंदीत. तिन्ही आम्हाला येतात, एकही धड नाही.

मंचेरियलला डोळ्यांचा कॅम्प होता तो तिथल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांचा. आमच्या गावाला दर बाजाराच्या दिवशी बसने एक सिस्टर यायची, पत्र्याची औषधांची पेटी घेऊन. केरळची होती, रोजी नाव. मराठी आमच्याकडूनच शिकली, म्हणून वऱ्हाडी बोलायची, पण चाल मल्याळमची. गाणं म्हटल्यासारखं वाटायचं. एकदा आत्याबाईंना ताप भरला तेव्हा दुपारभर कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली आणि संध्याकाळची बस चुकवली. आत्याबाईंना दोन मुलगे, धाकटा तेव्हा बिनलग्नाचा, लेक नाही. ताप उतरल्यावर त्यांनी खण-नारळाने तिची ओटी भरली आणि सांगून टाकलं, आजपासून तू माझी लेक. सिस्टर बिचारी हो म्हणाली. तिला काय माहीत पुढे काय होणार आहे!

आमच्या गावाची गंमत अशी, की एका म्हातारीने काही केलं म्हणजे बाकीच्या मागे राहत नाहीत. महिन्याभरात सिस्टरला गावात चार आया झाल्या. दर बाजाराला पाळीपाळीने चौघींकडे भाकरी खायची. मला वहिनी म्हणायची. मला नणंद नव्हती, ती अशी पेटी घेऊन बसमधून उतरली.

कॅम्प थंडीत असायचा, कापूस वेचून झाल्यावर. आमच्या गावच्या चारही आया निघाल्या, प्रत्येकीसोबत घरची एक बाई. भाकऱ्या बांधल्या, जवसाची चटणी, कांदे. आमच्या ह्यांनी सूचना दिल्या. मी मान हलवली आणि बसमध्ये बसल्याबरोबर विसरले.

तुम्ही कोणी तिकडे जाणार असाल तर एक सांगते. वांकिडीहून आसिफाबादला बस सहज मिळते, आता तर रस्ता असा झाला आहे की पोटातलं पाणी हलत नाही. तेव्हा पाणीच काय, सगळंच हलायचं. पण आसिफाबादला उतरून "स्टेशन कुठं आहे" असं विचारू नका, लोक हसतात. स्टेशनचं नाव आसिफाबाद रोड, आणि ते गावापासून लांब, रेब्बेनाच्या बाजूला. आणखी एक बस धरावी लागते. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. चार आंधळ्या म्हाताऱ्या घेऊन आम्ही गावभर स्टेशन शोधलं. आत्याबाई म्हणाल्या, "दिसत मले नाही, अन् सापडत तुमाले नाही."

पॅसेंजर गाडी दुपारी मिळाली. मला गाडीचं फार अप्रूप. खिडकीला नाक लावून बसले. सागाचं जंगल, मग बेल्लमपल्ली येता येता हवेत कोळशाचा वास, रुळाच्या कडेला काळी माती, काळे ढीग, काळे बैलसुद्धा दिसले, ते बहुतेक मुळातच काळे असतील. स्टेशनवर मिरचीची भजी घेतली, इतकी तिखट की एका म्हातारीच्या डोळ्यातून पाणी आलं. ती म्हणाली, कॅम्पाच्या आधीच मोतीबिंदू धुऊन निघतो काय. आत्याबाईंनी सगळं मला विचारून घेतलं, बाहेर काय आहे, आता काय आहे. मी सांगत गेले. शेवटी म्हणाल्या, "येताना मीच पाहतो, तू गप बसशील." तेव्हा मला कळलं, त्यांना या डोळ्यांची किती आस लागली आहे. बोलायच्या नाहीत कधी.

मंचेरियल स्टेशनवर दोन माणसं घ्यायला आली होती. एक उंच, एक बुटका. उंच होता त्याचं नाव योसेपन्ना. खाणीत कामाला, सकाळची पाळी करून, अंघोळ करून आलेला, पण कानामागे कोळसा तसाच. ही चर्चची माणसं. म्हणजे सिस्टर लोकांसारखी संसार सोडलेली नाहीत, बायकापोरांची, नोकरीवाली. त्यांचा एक गट होता, गोरगरिबांकडे जाणारा. त्यांची रीत मला फार आवडली. कोणाच्याही घरी एकटं जायचं नाही, दोघांनी जायचं. आणि गेल्यावर आधी खाली बसायचं. उभ्याने काही द्यायचं नाही. बसायचं, पाणी मागून प्यायचं, पोरं काय करतात विचारायचं, मग कामाचं बोलायचं. योसेपन्नाने स्टेशनवरसुद्धा तेच केलं! चार म्हाताऱ्या फलाटावर बसल्या होत्या, तर हे दोघे आले आणि शेजारी फलाटावर मांडी घालून बसले. आमच्याकडचं पाणी मागून प्याले. मग म्हणाले, चला.

कॅम्प चर्चच्या शाळेत होता. बाकं एकीकडे रचलेली, जमिनीवर सतरंज्या. औषधपाणी आणि पेशंटचं जेवण सिस्टर लोकांकडे, त्यांच्या स्वैपाकघरातून. पेशंटला उचलणं, आणणं-नेणं, पाणी भरणं हे खाणवाल्यांकडे, तेही पाळीप्रमाणे. सकाळपाळीवाले दुपारी यायचे, रात्रपाळीवाले सकाळी, झोप डोळ्यांत घेऊन. आणि आमच्यासारख्या सोबतच्या बायका त्यांच्या क्वार्टरमध्ये जेवायला. मी योसेपन्नाच्या घरी, त्याची बायको मरियम्मा हिच्याकडे. दोन खोल्या, दारात तुळस नाही पण झेंडूची झाडं, भिंतीवर मेरीमातेचं चित्र आणि त्याखाली पाळ्यांचा कागद. एका पैशाचा खर्च नाही.

सिस्टर रोजीने आम्हाला पाहिलं आणि अशी धावत आली, की तिची चप्पल मागेच राहिली.

पहिली रात्र शिदोरीवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या संपल्या. सिस्टरने स्वतः ताट वाढून आणलं, भात, सांबार, वर तूप. आत्याबाई म्हणाल्या, भूक नाही. दुपारी म्हणाल्या, पोट जड आहे. संध्याकाळी म्हणाल्या, आज एकादशी आहे. एकादशी नव्हती. आणि गंमत म्हणजे आमच्या इतर तीन म्हाताऱ्यांनाही तीच एकादशी. बाकी गावांचे पेशंट बोटं चाटून जेवून राह्यले, आणि आमच्या चौघी भिंतीला टेकून पदर तोंडाशी धरून बसलेल्या.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर तपासायला आले. बाहेरून आलेले मोठे डॉक्टर, कॅम्प संपला की जाणारे. आत्याबाई उठल्या आणि भोवळ येऊन बसल्या. डॉक्टरांनी नाडी पाहिली, विचारलं खाल्लं काय, मग सिस्टरला इंग्रजीत काहीतरी म्हणाले. सिस्टरने मला सांगितलं: अशा अंगाने ऑपरेशन करणार नाहीत. उद्या दुपारपर्यंत जेवून ताकद आली तर उद्या शेवटच्या पाळीत घेतील. नाहीतर पुढच्या वर्षी. आणि डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षापर्यंत या डोळ्यात काही राहील असा भरवसा नाही.

सिस्टरने मला विहिरीमागे नेलं. तिचा चेहरा उतरलेला. हळूच म्हणाली, "वहिनी, मी दुसरीकडून जेवण आणू का? हिंदूंच्या हॉटेलातून? आईला आमच्या हातचं चालत नसेल तर मला राग नाही येणार. पण तिने जेवायला पाहिजे."

मी चाट पडले. आमच्या घरी तर आत्याबाई स्वतःच्या भाकरीतली अर्धी मोडून हिच्या ताटात टाकायच्या. मी तशीच आत गेले आणि सासूसमोर उभी राहिले. आजवर त्यांच्याशी असं बोलले नव्हते. म्हटलं, "काऊन जेवून नाही राह्यल्या तुमी? ती पोरगी रडून राह्यली तिकडे. तिला वाटते तुमाले तिचा बाट लागते."

आत्याबाई चकित होऊन माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डावीकडे, पाहू लागल्या. "काय बोलतं तू? अवं, लेकीच्या घरचं अन्न घशाखाली उतरते काय? तिच्या पोटी अजून लेकरू नाही."

घ्या! आणि मी सून असून माझ्या ध्यानात आलं नाही. तुमच्यातल्या शहरी पोरींना सांगते, आमच्याकडे रीत आहे, लेकीला लेकरू होईपर्यंत आई-बापाने तिच्या सासरी जेवायचं नाही. माझे वडील माझ्याकडे यायचे तेव्हा शेजारच्या घरी पाणी पिऊन मग आमच्या दारात यायचे. माझा थोरला झाला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातची भाकरी खाल्ली. आणि या चौघींनी सिस्टरला लेक केलं होतं ना, खण-नारळ देऊन! मग हे कॉन्व्हेंट झालं तिचं सासर.

सिस्टरला सांगितलं. ती मग खांबाला धरून हसायला लागली, ते हसता हसता डोळे पुसायला लागली. मग धावत आत येऊन आत्याबाईंचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, आई, आमच्या होस्टेलातली सगळी पोरं माझीच आहेत, इतकी लेकरं कोणाला असतात? मला वाटलं झालं काम. पण आमच्या आत्याबाई!

"ते देवाचे," त्या म्हणाल्या. "पोटचं कुठं आहे?"

"आई, मग तर तुम्ही माझ्याकडे जन्मभर उपाशी."

"मंग उपाशी. रीत म्हणजे रीत."

आमच्यातली एक बाई म्हणाली, लेकीच्या हातावर पैसे ठेवून जेवतात लोक, तसं करा. सिस्टर म्हणाली कॅम्पात पैसा घ्यायची आम्हाला बंदी. आणि आत्याबाई म्हणाल्या, लेकीला पैसे देऊन जेवायचं तर ते काय हॉटेल आहे? मी म्हटलं, मग माझ्या ताटातलं आणते. तर ताट मरियम्माचं, ही मरियम्मा कोण, तिच्याकडे कोणत्या नात्याने खायचं? आत्याबाईंचं डोकं वकिलासारखं चालायचं. सगळे दरवाजे त्यांनी स्वतःच लावून घेतले आणि आत उपाशी बसल्या. पण मी पाहत होते, मधूनच त्या हात डोळ्यापुढे धरून बोटं हलवायच्या. दिसतात काय ते पाहायच्या.

दुपारी योसेपन्ना पाळीवरून आला, सोबत तो बुटका. बातमी त्यांना दारातच कळली. योसेपन्ना त्यांच्या रीतीप्रमाणे आधी आत्याबाईंच्या समोर खाली बसला. पाणी मागितलं, प्याला. मग हिंदी, तेलुगू आणि आमची मराठी यांची खिचडी करून म्हणाला, "अम्मा, ही सिस्टर तुमची लेक?"

"हो."

"मी तिला अक्का म्हणतो. ती मला अण्णा म्हणते. विचारा तिला."

सिस्टर म्हणाली, खरं आहे.

"मग मी तुमचा कोण झालो?"

आत्याबाई विचार करत होत्या, ओठ हलत होते. मग चौकशी सुरू झाली. आई आहे काय तुले? नाही, गेली. बायको? आहे. लेकरं? दोन. मग अर्थातच, जात काय?

योसेपन्ना म्हणाला, "अम्मा, खाणीतून वर येतो तेव्हा आम्ही सगळे एकाच रंगाचे. साबण लागेपर्यंत जात दिसत नाही."

"अन् साबण लागल्यावर?"

"साबण लागल्यावर मी मरियम्माचा नवरा. तिला विचारल्याशिवाय काहीच नाही."

आत्याबाई हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "पोराची जात कधी आई विचारते काय! चाल. पोराच्या घरी जेवायला कोणाच्या बापाची बंदी?"

सायकलच्या मागच्या कॅरेजवर बसवून योसेपन्नाने त्यांना घरी नेलं. मी आणि बुटका मागून चालत. मरियम्माला आधी निरोप गेलेला होता. तिने ज्वारीची रोटी टाकलेली, त्यांच्याकडेही खातात, आणि गोंगुरा घातलेलं वरण. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच, मी वास घेताच ओळखलं. आत्याबाई जेवायला बसल्या त्या दीड दिवसाच्या उपवासाच्या! तिसऱ्या रोटीला म्हणाल्या, "मीठ कमी आहे. अन् रोटी जाड थापतं तू." मरियम्मा माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, घाबरू नको, सून केलं तुला. खरं सांगते, मला इतका आनंद झाला! इतकी वर्षं सगळी बोलणी एकटीने खाल्ली होती, आज वाटेकरी मिळाली.

इकडे त्या बुटक्याने शहाणपणा केला. शाळेत परत जाऊन उरलेल्या तीन म्हाताऱ्यांना विचारलं, तुम्हालाही पोरगा पाहिजे काय? संध्याकाळपर्यंत तिघींना तीन मुलगे मिळाले. एक म्हातारी निवड करत होती म्हणे, हा फार बारीक आहे, दुसरा दाखवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, काल काय खाल्लं? आत्याबाईंनी सगळं सांगितलं, अंबाडीपासून मिठापर्यंत. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं पण आवाजातली ताकद कळली. घेतलं आत.

ऑपरेशननंतर वाकायचं नाही, शिंकायचं नाही, कडक चावायचं नाही. मरियम्मा डब्यात रोटी वरणात कुस्करून पाठवायची, आणि योसेपन्ना भरवायचा, पाळी संपवून. मी भरवते म्हटलं तर आत्याबाई म्हणायच्या, तू तर रोजचीच आहेस.

पट्टी सोडली त्या सकाळी आम्ही सगळे समोर होतो. डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा नाकावर बसवला. आत्याबाई काही वेळ नुसत्या पापण्या मिटत-उघडत राहिल्या. मग सिस्टरकडे पाहिलं. इतकी वर्षं तिला आवाजाने आणि हाताने ओळखत होत्या. चेहरा पहिल्यांदा पाहिला.

"अवं," त्या म्हणाल्या, "तू तर लहानशी पोरगी आहे."

सिस्टरने त्यांचा चष्मा नाकावर नीट बसवला.

त्या दिवशी निरोपाचं जेवण योसेपन्नाकडे. आत्याबाईंनी सिस्टरला हात धरून सोबत आणलं. ती नको नको म्हणत होती, कॅम्पाची आवराआवर आहे म्हणून. आत्याबाई म्हणाल्या, "भावाचं घर म्हणजे तुझं माहेर. माहेरी लेक बसते, वाढत नाही." आणि तिला पाटावर बसवलं, मरियम्माला वाढायला लावलं, स्वतः समोर बसून तिच्या ताटात काय आहे, काय संपलं ते पाहत राहिल्या, त्या जाड चष्म्यातून. सिस्टर खाली मान घालून जेवत होती. मला हळूच म्हणाली, घर सोडून इतकी वर्षं झाली वहिनी, रोज वाढते सगळ्यांना, असं समोर बसून मला कोणी जेवू घातलं नव्हतं. मी तिच्या भातावर आणखी वरण ओतलं.

संध्याकाळी मरियम्माने आम्हाला गोदावरी दाखवली. तुम्ही गेलात तर नक्की जा, थंडीत पाणी कमी आणि वाळू मऊ असते. परतीच्या गाडीत बोलल्याप्रमाणे खिडकी आत्याबाईंनी घेतली आणि मला वांकिडीपर्यंत बाहेरचं सगळं सांगत आल्या. साग आला. बैल आला. काळा आहे.

घरी आल्यावर आमचे हाल सुरू झाले. आत्याबाईंना कोपऱ्यातली कोळ्याची जाळी दिसू लागली, ज्वारीतले खडे दिसू लागले, माझ्या भाकरीचा जळका काठ दिसू लागला. पण आता त्या सकाळी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाक मारायच्या, आवाज ऐकायच्या आधी.

मंचेरियलहून मी काय आणलं म्हणाल तर एक दीर आणि एक जाऊ. मरियम्मा अजून फोन करते, तिलाही आता नातवंडं आहेत. सिस्टर रोजीची बदली झाली, मग आणखी लांब बदली झाली, त्यांचं तसंच असतं. जायच्या आधी गावात येऊन चौघींकडे भाकरी खाऊन गेली. आमच्या गावचे पेशंट मात्र पुढे दरवर्षी क्वार्टरमध्येच जेवले. पोरीची रीत मोडली नाही, पोट भरलं. मी स्वतः नागपूरला लेकीकडे आता महिना महिना जेवते, तिला लेकरं आहेत, आणि नसती तरी जेवले असते असं वाटते. आत्याबाईंसमोर हे बोलायची हिंमत झाली नसती.

पुढच्या थंडीत त्यांचा दुसरा डोळा करायचा होता. मी भाकऱ्या बांधल्या, माझीही पिशवी भरायला घेतली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून ठेवली. म्हणाल्या, "लेकाच्या घरी जायला सोबत कशाले पाहिजे मले?" आणि खरंच एकट्या निघाल्या. बसमध्ये खिडकीची जागा धरली. बस सुटता सुटता त्यांनी मान बाहेर काढली आणि रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या मला ओरडून सांगितलं,

"तुझ्या पदराले गवताची काडी लागून आहे. झटक."